घोडीचा हंगाम आणि १ जानेवारीचा नियम

पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड (शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या) घोड्याचा कागदोपत्री वाढदिवस एकच असतो, १ जानेवारी. शिंगरू जानेवारीत जन्मलेलं असो की मे महिन्यात, नवं साल लागलं की त्याचं वय एका वर्षानं वाढतं. नियम मूळचा इंग्लंडचा. तिथे पूर्वी १ मेपासून वय मोजत. १८३०च्या दशकात न्यूमार्केटनं, म्हणजे इंग्लंडच्या शर्यतींच्या मुख्य केंद्रानं, ती तारीख जानेवारीवर आणली आणि पुढे ती उत्तर गोलार्धात रूढ झाली.

जुनी तारीख घोडीच्या निसर्गाला धरून होती. घोडी साधारण ३४० दिवस गाभण राहते आणि दिवस मोठे असतात त्या काळात नियमित माजावर येते. जानेवारीच्या जवळपास शिंगरू हवं असेल, तर तिला फेब्रुवारीतच घोडा दाखवावा लागतो, आणि थंड प्रदेशात तेव्हा बहुतेक घोड्यांचं अंडाशय सुस्त पडलेलं असतं. घोडीच्या हिवाळी हार्मोन्सचा इतका बारकाईनं अभ्यास झाला, त्याला या तारखेनं मोठा जोर दिला असं माझं मत आहे. भीमेच्या काठी वाढलेल्या आणि मराठ्यांच्या घोडदळात गेलेल्या भीमथडी घोड्यांना अशी तारीख कुणी लावली नव्हती.

प्रकाशाचा धागा आधी पक्ष्यांमध्ये सापडला. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात भर हिवाळ्यात दिवे लावून पक्ष्यांच्या जननग्रंथी वाढवून दाखवल्या. १९४७ मध्ये केंब्रिजच्या बर्कहार्ट यांनी घोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: हिवाळ्यात जादा उजेड दिलेल्या घोड्या लवकर माजावर आल्या. हे कशामुळे होतं, ते कळायला आणखी काही दशकं गेली. १९५८ मध्ये अ‍ॅरन लर्नर यांनी मेलाटोनिन, अंधारात स्रवणारं हार्मोन, वेगळं काढलं. रक्तातली हार्मोन्सची अतिसूक्ष्म मात्रा मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी त्याच सुमारास विकसित केली. १९७१ मध्ये मेंदूतल्या जीएनआरएचची, म्हणजे प्रजननाच्या हार्मोन्सना चालना देणाऱ्या हार्मोनची, रचना उलगडली. हे सगळं हाताशी आल्यावरच घोडीच्या रक्ताचे महिनावार आलेख काढता आले.

त्यातून जे दिसलं ते मला आजही थक्क करतं. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं आणि जीएनआरएच दबतं. पण त्याच्या हुकमतीतली दोन्ही हार्मोन्स सारखी खाली जात नाहीत. फॉलिकल, म्हणजे अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या, वाढवणारं एफएसएच बऱ्यापैकी टिकून राहतं. बीज सोडायला लावणारं एलएच मात्र जवळजवळ आटतं आणि वसंतात सगळ्यांत शेवटी परततं. मधल्या साधारण दोन महिन्यांत फॉलिकल वाढतात, पार ३५ मिलिमीटरपर्यंतही, आणि बीज न सोडताच विरून जातात. घोडी आठवडा-आठवडा माज दाखवते, मोतद्दाराला वाटतं झालं आता, आणि गर्भ मात्र राहत नाही. अखेर एखादं फॉलिकल पुरेसं इस्ट्रोजेन (माज आणणारं हार्मोन) बनवतं, एलएच उसळतं आणि बीज सुटतं. तिथून पुढे सुमारे २१ दिवसांचं चक्र सुरळीत चालतं. १९८०च्या सुमारास सोनोग्राफी घोडीपर्यंत पोचली. तेव्हापासून डॉक्टर फॉलिकलबरोबर गर्भाशयाची सूजही बघतात. फॉलिकल मोठं, पण गर्भाशयाच्या आडव्या छेदात संत्र्याच्या चकतीसारख्या फाका दिसत नाहीत, म्हणजे इस्ट्रोजेन अजून पुरेसं नाही, थांबायचं.

यावरचा रूढ उपाय म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून दोन-अडीच महिने रोज एकूण सोळा तास उजेड. दिवा संध्याकाळी दिवसाला जोडून लावायचा. पहाटे लावलेल्याचा तसा उपयोग होत नाही. आता एका डोळ्यापुढे निळा प्रकाश देणारे मास्कही आले आहेत.

पण हे आकडे प्रामुख्यानं थंड देशांतले आहेत. लंडनला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी आणि सर्वांत मोठा साडेसोळा तासांच्या पुढे. पुणे साडेअठरा अक्षांशावर; इथे दिवस अकरा तासांवरून सव्वातेरापर्यंत जातो, फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळला की रात्री अकरापर्यंत दिवा ठेवला तरी सोळा तास भरतात. विषुववृत्ताकडे सरकावं तसा प्रकाशाचा धाक सैल होतो, चारा आणि अंगावरचं मांस यांचा वाटा वाढतो, आणि बऱ्याच घोड्या वर्षभर चक्रात राहतात. म्हणून हडपसर-मांजरीच्या पट्ट्यातल्या स्टडफार्मवर हिवाळ्यात माज न दिसणारी प्रत्येक घोडी उजेडाअभावी थांबली आहे, असं धरून चालणं मला चूक वाटतं. आधी तिचं अंडाशय तपासावं, आठवड्याच्या अंतरानं दोनदा रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर अंडाशयात तयार होणारं हार्मोन, बघावं. दोन्ही वेळा ते नगण्य आणि अंडाशयही शांत असेल, तर दिव्यांचा विचार करावा.

भीमथडीला आता देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. तिच्या माद्यांच्या हार्मोन्सची बाराही महिन्यांची मोजणी पुणे जिल्ह्यातच, इथल्या उजेडात आणि इथल्या चाऱ्यावर व्हायला हवी.