स्टॅकिंग आणि स्ट्रेचिंग: काळ्या फोटोत तेजोमेघ नेमका कशामुळे दिसू लागतो?

आकाशाच्या एकाच जागेच्या शंभर फ्रेम्स (सुटे फोटो) घेतल्या, त्या एकत्र जोडणाऱ्या (म्हणजे स्टॅक करणाऱ्या) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, स्क्रिप्ट चालवली, बराच वेळ लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला आणि शेवटी पडद्यावर आले ते चार-दोन ठळक तारे. बाकी सगळा काळोख. आकाशाचे फोटो काढायला नव्याने शिकणारे बहुतेक जण इथे येऊन थबकतात आणि विचारतात, "स्टॅकिंग झालंच नाही का?"

झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा अगदी व्यवस्थित झालेलं असतं. राहिलेलं असतं ते स्ट्रेचिंग, म्हणजे अंधारात दबलेल्या किमती ताणून दिसण्याजोग्या करणं. ही दोन नावं कायम जोडीने कानावर पडतात, म्हणून दोन्ही मिळून फोटो उजळवण्याचं एकच काम आहे असं वाटू लागतं. पण स्टॅकिंग फोटो उजळवत नाही. आणि स्ट्रेचिंग फोटो उजळवतं, पण त्यात नव्याने काहीही आणत नाही. हा फरक एकदा नीट समजला की सॉफ्टवेअर कुठलंही असो, त्यातली निम्मी बटणं आपोआप जागेवर बसतात. म्हणून मी नवख्या माणसाला कर्व्ह्ज आणि मास्क शिकवण्याआधी हेच सांगतो.

सोपे आकडे घेऊन बघू. समजा, 16 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलची किंमत 0 ते 65535 च्या दरम्यान आहे. आकाशाची पार्श्वभूमी 1000 आहे. तेजोमेघाचा फिकट कडेचा भाग त्यात फक्त 10 ची भर घालतो, म्हणजे तिथे 1010. पण एका फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल या किमतीच्या आसपास साधारण 40 ने वर-खाली होत असतो. हा नॉइज. प्रकाशाचे कण सेन्सरवर एका लयीत पडत नाहीत, त्यामुळे काही नॉइज प्रकाशातच असतो आणि काही कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येतो. 40 च्या या गोंधळात 10 चा फरक ओळखू येणं शक्यच नाही.

आता स्टॅकिंग. सॉफ्टवेअर आधी सगळ्या फ्रेम्समधले तारे एकमेकांवर बरोबर बसवतं आणि मग प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढतं. नॉइज फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. 16 फ्रेम्सच्या सरासरीत तो 40 वरून 10 वर येतो, 64 फ्रेम्समध्ये 5 वर, 256 मध्ये अडीचवर. आणि पार्श्वभूमी? ती 1000 च राहते. तेजोमेघही 1010 च राहतो. सरासरी म्हटल्यावर दुसरं काही होणारच नाही. म्हणजे 10 चा तो फरक आता नॉइजच्या वर स्पष्ट उभा आहे, पण उजेडात काडीचाही बदल झालेला नाही.

65535 पैकी 1010 म्हणजे जेमतेम दीड टक्का. साधा मॉनिटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या दाखवतो. त्या मापात 1000 चौथ्या पायरीवर येतो आणि 1010 सुद्धा चौथ्याच पायरीवर. तेजोमेघ फाइलमध्ये आहे, पडद्यावर तो दिसायला जागाच नाही. स्ट्रेच न करता थेट जेपेग करून ठेवला तर तो फाइलमधूनही जातो, कारण जेपेगमध्येही तेवढ्याच पायऱ्या असतात. म्हणून स्टॅक झालेली फाइल 32 बिट किंवा निदान 16 बिटमध्ये, फिट्स किंवा टिफ स्वरूपातच ठेवायची.

स्ट्रेचिंग इथे सुरू होतं. आपण सॉफ्टवेअरला सांगतो की 980 च्या खालचं सगळं काळं समज आणि 1000 ते 1100 हा चिंचोळा पट्टा पडद्यावरच्या पुष्कळ पायऱ्यांवर पसरव. वरच्या, ताऱ्यांच्या किमतींना त्या मानाने कमी जागा दे. तेजोमेघ उमटतो. पण 10 चा फरक ज्या प्रमाणात ताणला गेला, त्याच प्रमाणात नॉइजही ताणला गेला. एकाच फ्रेमवर हा प्रयोग केला तर 10 ला 40 हे नातं तसंच राहतं आणि हाती येतो तो दाणेदार, रंगीत ठिपक्यांचा चिखल. 64 फ्रेम्सच्या स्टॅकवर तोच स्ट्रेच दिला तर नातं 10 ला 5 असतं, आणि तेजोमेघाची कड दिसते.

यावरून फोटो बिघडला की दोष कुठे शोधायचा तेही ठरतं. फोटो काळा आहे पण स्वच्छ आहे, तर स्ट्रेच कमी पडलाय. उजळवल्याबरोबर दाणे दिसू लागले, तर फ्रेम्स कमी पडल्यात, आणि त्यावर स्लायडरमध्ये उपाय नाही. नॉइज कमी करणारी साधनं आहेत आणि हल्ली ती फार चांगली झाली आहेत, पण नवशिक्याने सुरुवातीला त्यांच्यामागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या डेटात खरोखर काय आहे हे डोळ्यांना कळायला लागण्याआधीच ती ते झाकून टाकतात.

वर्गमुळाच्या या हिशोबाला एक कडू बाजूही आहे. 16 वरून नॉइज निम्मा करायला 64 फ्रेम्स लागतात, आणि पुन्हा निम्मा करायला 256. एका तासाचा डेटा असेल तर दुप्पट चांगल्या फोटोसाठी चार तास हवेत. याच कारणाने अनुभवी मंडळी एका रात्रीत पाच लक्ष्यं टिपण्यापेक्षा एकाच लक्ष्यावर रात्र घालवतात.

स्टॅकिंगकडून आणखी एक गोष्ट मिळते जी स्ट्रेचिंग कधीच देऊ शकत नाही. एखाद्या फ्रेममधून उपग्रह किंवा विमान गेलं, तर त्या रेषेवरचे पिक्सेल बाकी फ्रेम्सच्या तुलनेत अचानक उंच दिसतात. सिग्मा क्लिपिंगसारख्या पद्धती अशा विसंगत किमती सरासरीतून वगळतात, सिरिलच्या तयार स्क्रिप्टमध्येही हे होतं. तुलनेला पुरेशा फ्रेम्स असतील तर रेषा साफ नाहीशी होते. एकट्या फ्रेमवर मात्र स्ट्रेच ती रेषा आणखी ठळकच करतो.

डिसेंबर 1995 मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षीतल्या एका जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस रोखून ठेवली होती. त्यात 342 एक्स्पोजर्स घेतली गेली. ती जोडण्यासाठी अँड्र्यू फ्रुख्टर आणि रिचर्ड हूक यांनी ड्रिझल नावाची पद्धत तयार केली, आणि त्या एकत्र केलेल्या चित्रात सुमारे 3000 दीर्घिका मोजता आल्या. तेच ड्रिझल आज सिरिलमध्ये, डीपस्कायस्टॅकर या स्टॅकिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमार्कवर मिळतं. घरच्या अंगणातला माणूस हबलच्याच मार्गाने जातो आहे ही गोष्ट मला दर वेळी फार मोठी वाटते.

मग स्टॅकिंगने फोटो उजळतो हा समज आला कुठून? एक वाट तारामार्गांच्या फोटोंची. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून घेतलेल्या फ्रेम्स जोडून वर्तुळाकार रेषा करतात, तिथेही स्टॅकिंग हाच शब्द आहे. पण त्यात सरासरी नसते, प्रत्येक जागी सगळ्या फ्रेम्समधली सर्वात उजळ किंमत ठेवली जाते. दुसरी वाट मोबाइलच्या नाइट मोडची. तो अनेक फ्रेम्स जोडतो आणि त्याच दमात उजळवतोही, त्यामुळे दोन कामांमधला सांधा दिसत नाही. सिक्वेटरसारख्या सॉफ्टवेअरमध्येही स्टॅकिंगच्याच खिडकीत आपोआप उजळवण्याचा पर्याय असतो.

पण हल्ली या समजाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाइव्ह स्टॅकिंग. सीस्टार एस 50 सारखी स्मार्ट दुर्बीण दर दहा सेकंदांची फ्रेम घेते, आधीच्या स्टॅकमध्ये मिसळते आणि फोनवर चित्र दाखवते. मिनिटागणिक तेजोमेघ उजळत जातो. डोळ्यांनी बघितल्यावर स्टॅकिंगने उजळत नाही हे कोण मानेल?

इथे दोन्ही कामं खरोखर एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडं थांबू. प्रत्येक नव्या स्टॅकवर दाखवण्यापुरता आपोआप स्ट्रेच दिला जातो. सिरिलमध्ये याचं सूत्र उघड आहे: पार्श्वभूमीचा मध्यांक आणि तिचा चढउतार मोजायचा, चढउताराच्या 2.8 पट खाली काळा बिंदू ठेवायचा आणि मग पार्श्वभूमी पडद्याच्या एक चतुर्थांश उजेडावर येईल असं ताणायचं. स्टॅक वाढला की चढउतार घटतो. चढउतार घटला की काळा बिंदू पार्श्वभूमीच्या आणखी जवळ सरकतो, आणि तीच एक चतुर्थांशाची पातळी गाठायला स्ट्रेच जास्त जोरकस द्यावा लागतो. म्हणून तेजोमेघ उजळतो. उजळवतो तो स्ट्रेचच, स्टॅकिंगने फक्त इतकं ताणण्याची मुभा दिलेली असते.

या आपोआप स्ट्रेचमुळेच आणखी एक गोंधळ होतो. सिरिलमध्ये खालच्या पट्टीवर दृश्याचा प्रकार निवडता येतो: लिनिअर (किमती जशाच्या तशा), ऑटोस्ट्रेच (आपोआप ताणलेल्या) वगैरे. ऑटोस्ट्रेच निवडला की काळ्या फाइलमधून देवयानी दीर्घिका एकदम वर येते. आनंदाने फाइल सेव्ह करावी, तर दुसरीकडे उघडल्यावर पुन्हा काळी. कारण ऑटोस्ट्रेच फक्त पडद्यापुरता असतो, पिक्सेलच्या किमती त्याने हलत नाहीत. पैसे देऊन घ्यावं लागणाऱ्या पिक्सइनसाइटमध्येही हेच आहे: स्क्रीन ट्रान्सफर फंक्शन दाखवण्यापुरतं, हिस्टोग्राम ट्रान्सफॉर्मेशन खरं. उलटा प्रकारही घडतो. खरा स्ट्रेच दिला, पण दृश्य ऑटोस्ट्रेचवरच राहिलं, की चित्र पांढरंफटक दिसतं आणि माणूस घाबरून सगळं मागे घेतो. खरा स्ट्रेच देताना दृश्य लिनिअरवर आणून ठेवावं.

दोन्हींच्या मध्ये काही कामं येतात आणि ती तिथेच व्हायला हवीत. पुण्या-मुंबईच्या आसपास काढलेल्या फोटोत एका बाजूने शहराचा उजेड चढलेला असतो. हा उजेड आकाशाच्या किमतीत मिळवला गेलेला असतो, त्यामुळे स्ट्रेचच्या आधी तो सरळ वजा करता येतो. स्ट्रेच झाल्यावर किमतींचं एकमेकांशी असलेलं सरळ प्रमाण मोडतं आणि ती वजाबाकी नीट जुळत नाही. ताऱ्यांची तेजस्विता सूचीशी ताडून रंग बसवण्याचं कामही याच कारणाने आधी करतात. डार्क, फ्लॅट, बायस (कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष काढायला वेगळ्या घेतलेल्या फ्रेम्स) तर त्याच्याही आधी, स्टॅकिंगच्या वेळी. फ्लॅट घ्यायचा कंटाळा केला असेल तर ते स्ट्रेच करताना कळतं: कोपरे काळवंडतात आणि सेन्सरवरच्या धुळीच्या कड्या उमटतात. स्ट्रेच चांगलं-वाईट निवडत नाही.

स्टॅकिंगमध्ये नवशिक्याला ठरवायचं फार थोडं असतं, स्क्रिप्ट बहुतेक सगळं करते. स्ट्रेचिंगमध्ये मात्र सगळं तुमच्या हातात आहे, आणि मन लावून शिकण्यासारखं तेच. मृग नक्षत्रातला एम 42 हा तेजोमेघ घ्या. त्याच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा ट्रॅपेझियम आहे, लखलखीत, आणि बाहेरचे पंख अतिशय फिकट. पंख दिसेपर्यंत हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) मधला स्लायडर एकाच झटक्यात ओढला की गाभा पांढरा पडतो. थोडा थोडा, अनेक वेळा द्यावा. तारे पांढरे पडून रंग जात असतील तर एसिंच (asinh) पद्धत वापरून बघा. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रांसाठी रॉबर्ट लप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ती मांडली. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा एकाच गुणकाने वाढवले जातात, त्यामुळे रंगांचं प्रमाण टिकतं. हात बसला की जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेचकडे वळा. त्यात उजेडाच्या कोणत्या पातळीवर ताण द्यायचा आणि कोणती पातळी जपायची हे नेमकं सांगता येतं. काळा बिंदू फार वर नेऊन पार्श्वभूमी काळी कुट्ट करण्याचा मोह मात्र टाळा. खरं आकाश तसं नसतं, आणि त्या काळ्यात तेजोमेघाची फिकट कड आधी जाते.

फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर एक प्रयोग करा. स्टॅकच्या सोबत त्यातलीच एक एकटी फ्रेम उघडा, दोन्हींवर अगदी त्याच आकड्यांचा खरा स्ट्रेच द्या, ऑटोस्ट्रेच नको. मग आकाशाचा रिकामा भाग 100 टक्क्यांवर मोठा करून शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असेल, दाणे मात्र वेगळे. त्यानंतर स्टॅक तसाच ठेवून स्ट्रेच दुप्पट करा आणि दाणे कुठे परत येतात ते बघा. तुमच्या डेटाची मर्यादा तिथे आहे.

शेवटी साठवणुकीबद्दल. 24 मेगापिक्सेलचा रंगीत स्टॅक 32 बिटमध्ये साधारण 290 एमबीचा होतो. स्ट्रेच न केलेला हा स्टॅक जपून ठेवा, म्हणजे जून ते सप्टेंबर ढगांनी आकाश बंद केलं की त्यावर नव्याने स्ट्रेच करत बसता येतं. सिरिलच्या प्रोसेस फोल्डरमध्ये साचलेल्या मधल्या फाइल्स खुशाल उडवा. मूळ लाइट्स (आकाशाच्या फ्रेम्स) आणि त्या सत्राच्या डार्क्स-फ्लॅट्स मात्र उडवू नका. पुढच्या हिवाळ्यात त्याच लक्ष्याच्या आणखी फ्रेम्स मिळाल्या तर जुन्या-नव्या मिळून स्टॅक पुन्हा करावा लागेल, आणि तो मूळ फ्रेम्सवरूनच होतो.