बोताईचं घोडं कुठे पेंड खातंय?

उत्तर कझाकस्तानात इमान-बुर्लुक नावाची नदी आहे. तिच्या काठच्या माळावर दीडशेच्या वर खळग्यांच्या खुणा आहेत. एक खळगा म्हणजे एक घर. साडेपाच हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी जमीन खणून, वर मातीच्या भिंती चढवून अर्धवट जमिनीखाली घरं बांधली होती. स्टेप म्हणजे गवताळ मैदानांचा मुलूख: झाडांचा दुष्काळ आणि वाऱ्याचा सुकाळ. हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. जमिनीत शिरणं हाच शहाणपणा. 1980 साली व्हिक्टर झायबर्ट या पुरातत्त्वज्ञाने हे गाव शोधलं. नाव पडलं बोताई.

गावात माणसं किती? घरामागे पाच धरली तर साडेसातशे, असा हिशेब लगेच सुचतो. पण तो फसवा आहे. सगळी घरं एकाच वेळी नांदती नव्हती. बोताई संस्कृती पाचेकशे वर्षं टिकली. तेवढ्या काळात जुनं घर ओस पडायचं, नवं उभं राहायचं, आणि ओस घराच्या खड्ड्यात कचरा साठत जायचा.

खरी गोष्ट त्या कचऱ्यातच आहे. तीन लाखांच्या आसपास हाडं निघाली आणि त्यांतली जवळजवळ सगळी घोड्यांची. गाय नाही, मेंढी नाही, शेती नाही. सोबतीला कुत्री मात्र होती. जेवणात घोडा आणि हत्यारांतही घोडाच, कारण त्याच्या जबड्याच्या हाडाला खाचा पाडून त्यावर चामड्याच्या वाद्या घासून मऊ करत.

मग हे घोडे पाळलेले होते की शिकार केलेले? घोडं पेंड खातं ते इथेच.

2009 साली खापरांत मुरलेल्या चरबीची तपासणी प्रसिद्ध झाली. तिची युक्ती मोठी देखणी आहे. या भागात उन्हाळ्याच्या पावसात जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, हिवाळ्याच्या बर्फापेक्षा जास्त असतं. घोडी वसंतात विते आणि दूध देते ती उन्हाळ्यात. म्हणून दुधाच्या चरबीत उन्हाळ्याच्या पाण्याची खूण उतरते. मांसाच्या चरबीत मात्र वर्षभराचं पाणी मिसळलेलं असतं. काही खापरांत ही उन्हाळी खूण मिळाली. रानटी घोडीची धार कोण काढणार? शिवाय काही दातांवर लगामाने झिजल्यासारख्या खुणा होत्या. प्रकरण मिटलं, असं वाटलं.

मिटलं नाही. 2021 साली दोन संशोधकांनी दाखवलं की दातांवर तशी झीज लगामाशिवायही होते. त्याच वर्षी बोताईच्या दोन माणसांच्या दातांवरचं कीटण तपासलं, तर त्यात दुधाचं प्रथिन मिळालं नाही. अर्थात दोन माणसांवरून अख्ख्या गावाचा आहार ठरवणंही धाडसाचंच. मला स्वतःला सगळ्यांत बोलका वाटतो तो साधा पुरावा: शेण. एका घराच्या खड्ड्यातल्या मातीत घोड्याची लीद सापडली. ती बहुधा ऊब राहावी म्हणून छपरावर थापलेली असावी. त्याच संस्कृतीच्या क्रास्नी यार गावात खांबांच्या खळग्यांनी वेढलेल्या एका जागेत मातीतलं फॉस्फेट वाढलेलं आढळलं, जणू गोठाच. रानात घोड्यांमागे हिंडून कुणी छपरापुरती लीद गोळा करेल, हे मला पटत नाही.

डीएनएने आणखी एक धक्का दिला. आजचे पाळीव घोडे बोताईचे वंशज नाहीत. त्यांचं मूळ व्होल्गा-डॉन नद्यांच्या परिसरात आहे आणि तिथून ते साधारण चार हजार वर्षांपूर्वी सगळीकडे पसरले. बोताईच्या घोड्यांशी नातं निघालं ते प्रझेवाल्स्की घोड्यांचं. तोवर जग त्यांना कधीच न पाळलेले, अस्सल रानटी घोडे मानत होतं! माणसांचं म्हणाल, तर नंतर स्टेपवर राहिलेल्या लोकांत बोताईकरांचा अंश फारसा उरलेला दिसत नाही.

प्रझेवाल्स्की घोडेही थोडक्यात वाचले. 1969 नंतर ते मंगोलियाच्या रानात दिसेनासे झाले. प्राणिसंग्रहालयांत उरले होते ते डझनभर पूर्वजांपासून वाढलेले. जून 2024 मध्ये प्राग आणि बर्लिनहून सात घोडे चेक लष्कराच्या विमानांनी कझाकस्तानच्या स्टेपवर उतरवण्यात आले.