आधी हेड मोजा, मग गॅस्केट घ्या

गेल्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा काटा लाल पट्टीत गेला. रेडिएटरचा पंखा बंद पडला होता आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं. टोचन करून गाडी जळगावात, अजिंठा चौफुलीकडच्या गॅरेजवर आणली. मिस्त्रींनी "काय व्हयनं भाऊ?" असं विचारत ऑइलचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर होता. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं धातूचं झाकण, उचललं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केटवर करंगळीएवढा काळा जळका पट्टा दिसला.

नव्या गॅस्केटसाठी मी लगेच दुकानात फोन लावायला निघालो. मिस्त्री म्हणाले, "थांबा. अगोदर हेड मोजू."

त्या एका वाक्यात या विषयाचं सगळं विज्ञान आहे. हेड आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) यांच्यामध्ये बसणारा गॅस्केटचा हा पत्रा एकाच वेळी तीन गोष्टी अडवतो: सिलिंडरमधला जळता वायू, कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि दाबाखालचं ऑइल. यात वायूचं काम सर्वांत अवघड. 75 मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे 44 चौरस सेंटिमीटर. पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला 60 किलोचा दाब धरला, तर हेडला वर ढकलणारं बल अडीच टनांवर जातं. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर, दर दोन फेऱ्यांना एक स्फोट या हिशेबाने, प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला 20 वेळा घडतं. हेड दर वेळी केसाच्या जाडीहूनही कमी, पण उचलतंच. त्या हालचालीबरोबर गॅस्केटलाही फुलता आणि दबता आलं पाहिजे.

त्यात भर धातूंच्या स्वभावाची. गाडीत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. 40 सेंटिमीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं की त्याची वाढ ब्लॉकपेक्षा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जास्त भरते. म्हणजे गॅस्केटवरून हेड घासत सरकतं, दर प्रवासात, तापताना आणि थंड होताना.

आपल्याकडचा उन्हाळा इथे थेट हिशेबात येतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कुलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कुलंट 90 अंशांवर धरलं, तर डिसेंबरच्या दुपारी 30 अंश असताना हा फरक 60 अंशांचा असतो. मे महिन्यात पारा 45 वर गेला की तो 45 उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद पाऊणच राहते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वाऱ्याचीही मदत नसते.

मिस्त्रींनी हेड पुसून त्यावर पोलादी सरळ पट्टी उभी धरली: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पाती सरकवत गेले. लहान ॲल्युमिनियम हेडला साधारण 0.05 मिलिमीटर वाक चालतो, वहीच्या कागदाच्या निम्मा. आमच्या हेडखाली मधोमध 0.12 ची पाती सहज शिरली. फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून हेड सपाट करणं, आलंच.

आता निवडीचा प्रश्न. जुन्या पद्धतीचं ग्राफाइटचं गॅस्केट मऊ असतं, थोडा खडबडीतपणा पोटात घेतं, पण ते कालांतराने दबून पातळ होतं. म्हणून कित्येक जुन्या इंजिनांत बोल्ट पुन्हा ताणावे लागत. दुसरा प्रकार म्हणजे स्प्रिंगसारख्या पोलादी पत्र्यांचे तीन-चार थर, सिलिंडरभोवती उठावाची कडा आणि वर रबरी लेप. हे टिकाऊ आहे, हेडच्या हालचालीबरोबर सतत फुलतं-दबतं, मात्र त्याला जवळपास आरशासारखा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. नख फिरवल्यावर ओरखडा अडकत असेल, तर त्या जागी महागातलं पोलादी गॅस्केटही गळेल. ग्राइंडरला बफ लावून हेड चकचकीत करण्याची सवय तर अगदी वाईट. चमक येते आणि मऊ ॲल्युमिनियमवर खळगे पडतात. तांब्याचं गॅस्केट शर्यतीच्या गाड्यांसाठी ठीक. आपल्या रोजच्या गाडीत ते पाणी नीट अडवत नाही.

आमच्या हेडवर पाण्याच्या भोकांभोवती कुरतडल्यासारखे खड्डेही होते. ती माझी चूक. वर्षानुवर्षं मी कुलंटऐवजी बोअरवेलचं क्षाराचं पाणी घालत आलो होतो. एक खड्डा गॅस्केटच्या उठावाच्या कडेच्या रेषेत होता, तो वेल्डिंगने भरून मग फेसिंग केलं.

जाडीकडे फार कमी लोक बघतात. दबल्यावर 1.2 मिलिमीटर राहणाऱ्या गॅस्केटऐवजी 0.7 चं बसवलं, तर 75 च्या बोअरला ज्वलनकक्ष सुमारे 2.2 घनसेंटिमीटरने आकसतो. 1300 सीसीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) 9 वरून साधारण साडेनऊवर जातं. फेसिंगमध्ये हेड घासलं गेलं असेल तर ते आणखी वाढतं आणि भर उन्हात इंजिन खटखट करू लागतं. डिझेलमध्ये तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो हे डायल गेजने मोजूनच जाडी ठरवतात. गॅस्केटच्या कडेला असलेल्या खाचा किंवा भोकं ही त्या जाडीचीच खूण. जुन्यावर दोन खाचा होत्या म्हणून नवंही दोन खाचांचं, हे पिस्टन बदलल्यावर लागू पडत नाही.

बसवताना पोलादी गॅस्केटला कसलीही पेस्ट लावू नये, कंपनीने सांगितलेली जागा सोडून. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आवळावेत. एकदा ताणून लांबणारे बोल्ट असतील तर नवेच घ्यावेत. मिस्त्रींनी ब्लॉकमधलं बोल्टचं प्रत्येक भोक हवेने फुंकून, कापडाच्या वातीने कोरडं केलं. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल साचलेलं असेल, तर बोल्ट त्या ऑइलवर दाबला जातो. रेंच आकडा पूर्ण झाल्याचं दाखवतं, हेड मात्र तेवढं आवळलेलं नसतं, आणि कधी ब्लॉकलाच तडा जातो.