जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि उंदराची साखर: प्राणीगृहात नेमकं काय चालतं

जांभळाच्या बियांच्या चूर्णाने साखर उतरते, हे खानापूर भागात लहान पोरही सांगेल. बेडकीच्या पाल्याचंही तसंच. सह्याद्रीच्या या उतारावरच्या वनस्पती आणि पारंपरिक औषधं तपासायला बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थाच आहे. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनाही प्रबंधासाठी हा विषय हमखास आवडतो. पण चूर्णाने साखर खरंच उतरली की नाही, याचा पहिला पुरावा येतो तो विस्टर जातीच्या मोठ्या पांढऱ्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या, रक्तातून. शोधनिबंधात त्यांच्या देखभालीला एक ओळ मिळते: ‘प्राण्यांना प्रमाणित परिस्थितीत ठेवले.’ त्या ओळीमागे पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचे काही आठवडे असतात, आणि निम्मा निकाल त्यातच ठरलेला असतो.

कारण साधं आहे. उंदीर घाबरला की त्याच्या अंगात कॉर्टिकोस्टेरॉन आणि ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, आणि दोन्ही रक्तातली साखर चढवतात. म्हणजे जे मोजायचं तेच हाताळणीने बिघडतं. म्हणून नवीन आलेल्या प्राण्यांना निदान आठवडाभर काहीच टोचायचं नाही. फक्त रोज उचलायचं, खांद्यामागून तळहाताचा आधार देऊन मिनिट-दोन मिनिटं धरायचं आणि परत ठेवायचं. शेपटीने उचलू नये. टोकाला धरलं तर शेपटीची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येते. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लहान उंदरांवर, म्हणजे माईसवर, दाखवून दिलं की शेपटीने उचललेले प्राणी माणसाचा हात टाळतात आणि जास्त भेदरलेले राहतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले मात्र आपणहून हाताजवळ येतात.

पिंजऱ्यात खाली अंथरायला आपल्याकडे भाताचं तूस सोयीचं पडतं, स्वस्तही. गिरणीतून आणलेलं तसंच वापरलं तर मात्र तीन भानगडी होतात. त्यात बारीक धूळ असते, ती नाकात जाते. पोत्यांवर रानटी उंदीर मुतून गेलेले असतात, त्यातून जंतू येतात. आणि तिसरी, जी कुणाच्या लक्षात येत नाही: तुसात कणी राहते. उपाशीपोटीची साखर बघायची म्हणून रात्री खाद्य काढून घ्यावं, आणि उंदीर रात्रभर कणी वेचून खात बसावा! म्हणून तूस चाळायचं, कापडी पिशवीत सैल भरून १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं, आणि पूर्ण वाळवायचं. पिशवी ठासून भरली की वाफ मध्यापर्यंत पोचत नाही. उपवासाच्या रात्री प्राणी जाळीच्या तळावर ठेवतात, कारण उंदीर स्वतःची लेंडीही खातो. दिवसेंदिवस जाळीवर ठेवलं तर तळपायांना जखमा होतात, तेव्हा सकाळी परत तुसावर. उपवास खाद्याचा, पाण्याचा कधीच नाही.

मधुमेह आणण्यासाठी बहुतेक ठिकाणी स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. मोठ्या उंदराला साधारण ५० ते ६० मिलिग्रॅम प्रति किलो, एकदाच, पोटाच्या पोकळीत. समजा डोस ५५ ठरला, तर २०० ग्रॅमच्या प्राण्याला ११ मिलिग्रॅम. वजन त्याच सकाळचं हवं, आदल्या आठवड्याचं नको. औषध विरघळवायचं ते ४.५ पीएचच्या, म्हणजे किंचित आम्लधर्मी, थंड सायट्रेट बफर द्रावणात, आणि पंधरा मिनिटांत टोचून संपवायचं. विरघळलेलं स्ट्रेप्टोझोटोसिन झपाट्याने निकामी होतं. एकदाच मोठी बाटली कालवून तीस उंदीर रांगेने टोचले, तर शेवटच्यांना मधुमेह होतच नाही आणि वहीत शेरा पडतो, ‘प्रतिसाद दिला नाही’. टोचायची जागा उजव्या खालच्या पोटाची, डोकं किंचित खाली कलवून. डाव्या बाजूला उंडुकाची (सीकम), म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची, मोठी पिशवी असते. सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या जरा मागे ओढून बघायचा. हिरवट-तपकिरी काही आलं तर सुई आतड्यात गेली आहे.

पुढची रात्र खरी धोक्याची. मरणाऱ्या पेशींमधलं साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात सुटतं आणि काही तासांत साखर कोसळते. जो प्राणी पुढे मधुमेही होणार, तो पहाटेपर्यंत साखर कमी पडूनच मरू शकतो. उपाय स्वस्त आहे: टोचल्यावर सहा तासांनी बाटलीत साध्या पाण्याऐवजी ५ टक्के ग्लुकोजचं पाणी, दुसऱ्या दिवसापर्यंत.

तिसऱ्या दिवशी साखर तपासतात. २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तो प्राणी सहसा मधुमेही धरतात. इथून तंत्रज्ञाचं काम दुपटीने वाढतं. निरोगी २०० ग्रॅमचा उंदीर दिवसाला २० ते २५ मिलिलिटर पाणी पितो. मधुमेही उंदीर शंभराच्या वर जातो. एका पिंजऱ्यात तिघे आणि २५० मिलिलिटरची एक बाटली असेल तर ती पहाटेआधीच कोरडी. दोन बाटल्या लावाव्यात, आणि लावल्यावर तोटीला बोट लावून थेंब येतो का पाहावं. आत हवा अडकली तर भरलेल्या बाटलीखाली प्राणी तहानलेला राहतो. तोटी तुसाला टेकली तर उलटंच: तूस पाणी ओढून घेतं आणि सकाळी प्राणी गारठलेले सापडतात.

पाणी जितकं, मूत्र तितकं. इतरांचं तूस आठवड्यातून दोनदा बदललं तरी चालतं, यांचं रोज. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. तो तुसाजवळ, म्हणजे नेमका उंदराच्या नाकापाशी सर्वांत दाट असतो. खोलीत शिरताना आपल्या नाकाला झोंबला, तर पिंजऱ्यात मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे.

आता मुख्य औषध. चूर्ण पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं. म्हणून ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) दाटसर द्रावणात कालवतात आणि प्रत्येक उंदरासाठी भरण्याआधी हलवतात. हे विसरलं तर पहिल्या प्राण्याला नुसतं पाणी आणि शेवटच्याला गाळ. मात्रा प्रति किलो १० मिलिलिटर, म्हणजे २०० ग्रॅमला २ मिलिलिटर. टोकाला गोळी असलेली नळी आधी बाहेरून दातांपासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण करायची. मग तोंडाच्या कडेने आत. उंदीर गिळतो तशी ती आपोआप सरकते. अडली तर ढकलायची नाही, काढून पुन्हा घालायची. दट्ट्या दाबल्यावर नाकातून फेस आला तर औषध फुफ्फुसात गेलं आहे. ढकललेल्या नळीने अन्ननलिका फाटली तर प्राणी दोन दिवसांनी मरतो आणि दोष जातो जांभळाला.

साखर मोजताना शेपटी कोमट करून पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा पट्टीवर घ्यायचा. वेळ रोज तीच. माणसांचे बरेचसे ग्लुकोमीटर ६०० पर्यंतच आकडा देतात, वर गेलं की नुसतं ‘हाय’ दाखवतात. ते वहीत ६०० लिहिणं हा खोटेपणा आहे, भले तो सवयीने होवो.

तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलणं हे कागदावर सोपं. पावसाळ्यात बेळगावची हवा स्वतःच आर्द्रतेची वरची मर्यादा ओलांडते. तेव्हा खाद्याची पोती भिंतीपासून दूर फळीवर ठेवावीत, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला धरतं आणि यकृत हाच साखरेचा कोठार आहे. हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाईन गेली की एसीची काळजी सगळे करतात. दिव्याचं टायमर मात्र कुणी बघत नाही. साधं घड्याळी टायमर वीज गेली तेवढा वेळ थांबतं. आठवडाभरात तास-दोन तासांनी मागे पडलं, तर सकाळी नऊची तपासणी उंदराच्या दृष्टीने सात-आठची होते.

आवाजाचंही तसंच. उंदीर ८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आपण फार तर २०. ट्रॉलीचं कोरडं चाक आपल्याला किंचित कुरकुरतं, त्याला किंचाळतं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीच्या आठवड्यात महत्त्वाची तपासणी न ठेवणं शहाणपणाचं. परवानगीचा अर्ज भरताना कॅलेंडर समोर असलं तर हे जमतं. तो अर्ज म्हणजे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे जाणारा फॉर्म बी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी तिथे बसतो, आणि किती प्राणी व का, हे विचारतो.

उंदीर दुखणं लपवतो. पाठ कुबडी, केस फिस्कारलेले, डोळे मिटत आलेले, कान दुमडून टोकदार झालेले असतील तर तो दुखण्यात आहे. २०११ पासून यासाठी चेहऱ्यावरून दुखणं मोजायचं गुणांकनही वापरात आहे. डोळ्याभोवतीचा लाल डाग बहुधा रक्त नसतो. ती पॉर्फिरिन नावाची लालसर रंगद्रव्यं असतात, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारी, आणि ताण किंवा आजाराची खूण. वजन २० टक्के घटलं की पशुवैद्याला बोलवायचं. प्रबंधाला आकडा कमी पडेल म्हणून थांबायचं नाही.

स्ट्रेप्टोझोटोसिन कर्करोगकारक आहे आणि टोचल्यानंतर मूत्रातून बाहेर पडतं. त्या दिवसाचं तूस झाडूने लोटू नये. थोडं ओलसर करून, दुहेरी हातमोजे आणि एन-९५ मास्क लावून वेगळ्या पिशवीत भरावं आणि जाळण्यासाठी पाठवावं. मेलेले प्राणी पिवळ्या पिशवीत.