विंटर टर्म: एक चार आठवड्यांची, एक दहा आठवड्यांची

घरातलं लग्न जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं. विमानाची तिकिटं बघताना मावसबहिणीचा फोन आला. तिची लेक आणि जावेची लेक, दोघी अमेरिकेत शिकतात. "अगं, आमची म्हणते, जानेवारीत माझी विंटर टर्म आहे, ती मी पुण्यातच बसून करणार. जावेची म्हणते, माझी विंटर टर्म आहे, एक तारखेच्या विमानाने मला निघायलाच हवं. थापा कोण मारतंय?"

कोणीच नाही. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा फक्त आपलाच होतो असं नाही.

शेजारशेजारची दोन राज्यं घ्या. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजात विंटर टर्म म्हणजे जानेवारीतले चार आठवडे आणि त्यात एकच विषय. नदीपलीकडे, न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजातही विंटर टर्मच म्हणतात, पण ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालते. दहा आठवडे, साधारण तीन विषय, मिडटर्म, फायनल, सगळं यथासांग. दोन्हीकडे बर्फ तितकाच आणि दोन्ही कॉलेजांच्या मालकीचे स्कीइंगचे डोंगरही आहेत. वेळापत्रकात मात्र काही म्हणता काही साम्य नाही.

डार्टमथची टर्म ही वर्षाच्या चार तुकड्यांपैकी एक. शिकागो विद्यापीठ 1892 मध्ये सुरू झालं तेच वर्षाचे चार भाग करून, म्हणजे उन्हाळ्यातही शिकवणी बंद पडू नये. तीच क्वार्टर पद्धत आज स्टॅनफर्ड आणि नॉर्थवेस्टर्नमध्ये दिसते. तिथे थेट 'विंटर क्वार्टर' म्हणतात, त्यामुळे गोंधळ कमी. मिशिगन विद्यापीठ आणि कॅनडातली बरीच विद्यापीठं तर जानेवारी ते एप्रिलच्या अख्ख्या सेमिस्टरलाच विंटर टर्म म्हणतात. ती या दहा आठवडेवाल्यांच्याच पंगतीत बसवा आणि पुढे चला.

खरी गंमत छोट्या टर्ममध्ये आहे. फ्लोरिडातल्या एका नव्याकोऱ्या कॉलेजाने ती 1961 च्या जानेवारीत सुरू केली. ते आज एकर्ड कॉलेज म्हणून ओळखलं जातं. वर्षाचा आकार '4-1-4': चार महिन्यांचं सत्र, मध्ये एक सुटा महिना, मग पुन्हा चार महिने. हा मधला महिना पुढे अनेक कॉलेजांनी उचलला. कुणी त्याला जान प्लॅन म्हणतं, कुणी विंटर स्टडी, मुलांच्या तोंडी बहुतेक ठिकाणी जे-टर्म. एमआयटीमध्ये 1971 पासून तो 'आयएपी' (इंडिपेंडंट अॅक्टिव्हिटीज पीरियड) या नावाने आहे, आणि तिथे कुणी कोर्स करतं, कुणी रोबो बनवतं, कुणी काहीच करत नाही. त्याच महिन्यात तिथे मिस्टरी हंट नावाचा कोड्यांचा दांडगा खेळ होतो: लपवलेलं नाणं शोधायचं, आणि जो संघ जिंकेल त्याने बक्षीस म्हणून पुढच्या वर्षीची सगळी कोडी रचायची. बक्षीस कसलं, शिक्षाच ती.

हे सगळं जमतं कशामुळे? माहितीपत्रकात 'अनुभवातून शिक्षण' वगैरे लिहिलेलं असतं, पण माझ्या मते कारण फार साधं आहे. एका वेळी एकच विषय असतो. दुपारी दोनला केमिस्ट्रीची लॅब नसेल तरच मास्तर मुलांना घेऊन सकाळी खाडीवर जाऊ शकतात, आठवडाभर दुसऱ्या गावी मुक्काम ठोकू शकतात. दहा आठवड्यांच्या टर्ममध्ये कितीही हौशी प्राध्यापक असले तरी पोरांना उरलेले दोन विषय मागे ओढत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर मिडटर्म दारात उभी. आपल्याकडे एनएसएसचं सात दिवसांचं विशेष शिबिर केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बंधारा बांधून झाला तो हिवाळ्यामुळे नव्हे. त्या सात दिवसांत कॉलेजचा एकही तास नव्हता म्हणून.

याची दुसरी बाजूही आहे. चार आठवड्यांत पाच दिवस तापाने झोपलात तर पाव कोर्स गेला. दहा आठवड्यांत तेवढं भरून काढता येतं. मार्कांचाही फरक पडतो. विल्यम्स कॉलेजात दरवर्षी विंटर स्टडी करावीच लागते, पण तिथे नेहमीच्या ए-बी-सी श्रेणी नसतात. ऑनर्स, पास, फेल, आणि मध्ये एक 'परफंक्टरी पास'. म्हणजे पाट्या टाकल्यात, पण जा. अशी श्रेणी आपल्या विद्यापीठांनी आणली तर निम्म्या गुणपत्रिका तिनेच भरतील, माझीही त्यात आली.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीने जानेवारीच्या महिन्यात अमेरिकेतच एखाद्या कंपनीत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप करायची ठरवली, तर आधी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते, आणि ती साधारणपणे पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. "छोटी टर्म आहे, एवढं काय" असं म्हणून चालत नाही.

आता तिकिटं. डार्टमथची मुलं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच सुटतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हजर होतात. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त त्यांना चालतात, संक्रांत नाही. (त्या डिसेंबरच्या सुटीला ते 'विंटरिम' म्हणतात. काही कॉलेजांत हाच शब्द जानेवारीच्या छोट्या कोर्सला वापरतात. घ्या!) जे-टर्मवाल्यांचं मात्र कॉलेजागणिक बदलतं: कुठे सक्तीने वर्गात बसावं लागतं, कुठे प्राध्यापकांची मान्यता घेऊन घरूनही प्रकल्प करता येतो. ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये अशी मुभा आहे. म्हणून मुलीला "विंटर टर्म आहे का?" असं विचारून काही कळत नाही. किती आठवडे आणि एका वेळी किती विषय, हे विचारायचं. उत्तर चार आणि एक आलं, तर पुढचा प्रश्न: कॉलेजात हजर राहावं लागतं का?

मावसबहिणीच्या लेकीचं उत्तर 'नाही' आलं. तिने प्रकल्प घेतला मोडी वाचायला शिकण्याचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मुहूर्तमेढ चालू असताना ही माळ्यावरच्या ट्रंकेतला पणजोबांचा कागद घेऊन खिडकीशी बसली होती. जावेची लेक तेव्हा तिकडे पहिल्या आठवड्याची असाइनमेंट लिहीत होती. महिन्याअखेरीस ही 'राजमान्य राजेश्री'पर्यंत न अडखळता पोचायला लागली. पुढच्या ओळीत अजून अडते.