आटपाट नगरातून ‘देअर इज’कडे

‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता.’ मराठी कहाणीची ही दोन वाक्ये राजाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तो शूर होता की भित्रा, उदार होता की कंजूष, हे सारे पुढे कळायचे असते. या वाक्यांचे काम एवढेच, की आतापर्यंत श्रोत्याच्या मनात नसलेला एक माणूस तिथे आणून उभा करायचा. तो उभा राहिला की लगेच ‘राजाला दोन राण्या होत्या’ असे वाक्य येते आणि त्यात राजा ओळखीचा झालेला असून राण्या नव्या असतात. अशा वाक्यांना अस्तित्ववाचक वाक्ये म्हणतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या ग्रंथात या वाक्यप्रकाराचा वेगळा विचार केला होता.

हाच राजा इंग्रजीत आणायचा झाला, की ‘देअर वॉज अ किंग’ असे म्हणावे लागते आणि नागपूरच्या मराठी शाळेतले मूल पहिली अडचण तिथेच अनुभवते. ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ असे त्याला शिकवलेले असते, पण इथे ‘तिथे’ कुठेच नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, म्हणजे हा शब्द वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच कानावर पडतो. त्याचा नीट वापर मात्र अनेकांना पदवीनंतरही साधत नाही. याचे कारण त्या मुलांच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा मराठीच्या एका क्रियापदात शोधावे, असे मला वाटते. ते क्रियापद म्हणजे ‘आहे’.

‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही वाक्ये पाहावीत. शब्द तेच, प्रत्ययही तेच, पण पहिले वाक्य ‘टेबलावर काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आहे आणि दुसरे ‘पुस्तक कुठे आहे?’ या प्रश्नाचे. पहिल्यात पुस्तक नवे आहे, दुसऱ्यात ते आधीच बोलण्यात आलेले आहे. मराठीत नाम आपला प्रत्यय सोबत घेऊन फिरते, त्यामुळे शब्द मागेपुढे करून जुने-नवे दाखवता येते. इंग्रजीत शब्दाचे काम त्याच्या जागेवरून ठरते. क्रियापदापूर्वीची जागा कर्त्याची आणि ती मोकळी ठेवण्याची सोय नाही. नवी वस्तू तर वाक्याच्या मागच्या बाजूला यावीशी वाटते. मग पुढची जागा भरायला अर्थ झिजून गेलेला एक शब्द बसवला जातो, तो हा ‘देअर’.

तो खरोखर कर्त्याच्या खुर्चीत बसला आहे, हे प्रश्न विचारताना दिसते. ‘इज देअर अ प्रॉब्लेम?’ असे विचारताना क्रियापद त्याच्याशीच जागा बदलते आणि ‘देअर इज अ प्रॉब्लेम, इझन्ट देअर?’ यातल्या शेपटीतही तोच परत येतो. त्याचा ‘तिथे’ हा अर्थ उरलेला नाही, याचा पुरावा ‘देअर इज अ डॉग देअर’ या वाक्यात मिळतो. मराठीत याला ‘तिथे एक कुत्रा आहे’ म्हणताना एकच ‘तिथे’ पुरते. इंग्रजीभाषक माणूस पहिला ‘देअर’ ओझरता, जवळपास ‘द’ इतकाच उच्चारतो आणि दुसऱ्यावर जोर देतो. आपल्याकडे दोन्ही सारख्याच ठसक्यात शिकवले जातात, त्यामुळे एका रूपाचे दोन शब्द आहेत हे कानाला कधी कळतच नाही. इतर भाषांनी याच कामासाठी निराळ्या युक्त्या काढल्या आहेत. जर्मन अनेकदा ‘देणे’ हे क्रियापद वापरते आणि फ्रेंच ‘जवळ असणे’ हे.

मराठी ‘आहे’चा पसारा मात्र याहून मोठा आहे. ‘फुटाळा तलावावर गर्दी आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘तिच्यात हिंमत आहे’, ‘बाळाला ताप आहे’ या पाचही वाक्यांत क्रियापद एकच असून फरक सगळा ‘वर’, ‘ला’, ‘कडे’, ‘त’ यांनी केला आहे. बहिणीला ‘ला’ आणि सायकलीला ‘कडे’ हा भेद आपण न शिकता पाळतो. ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ असे कोणी म्हणाले, तर त्या सुट्टीत राहायला आल्या असाव्यात असेच वाटते. अस्तित्व, स्थान आणि मालकी या कल्पना जगातल्या अनेक भाषांत एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९६७ साली मांडले होते. इंग्रजीने मात्र हे घर वाटून घेतले आहे: गर्दीसाठी ‘देअर इज’, आणि बहिणी, सायकल, हिंमत व ताप या सर्वांसाठी ‘हॅव’. म्हणून नवखा मराठी विद्यार्थी ‘टू सिस्टर्स आर देअर टू मी’ म्हणतो तेव्हा तो अंदाधुंद बोलत नसतो, तर एका नीटस व्यवस्थेवर दुसरी व्यवस्था बेतत असतो.

परभाषा शिकणाऱ्याच्या चुकांकडे असे पाहण्याची दृष्टी फार जुनी नाही. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली अशा चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या कामाचा पुरावा होत, असे म्हटले आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली त्या मधल्या अवस्थेला ‘इंटरलँग्वेज’, म्हणजे मातृभाषा व लक्ष्यभाषा यांच्या दरम्यानची स्वतःचे नियम असलेली भाषा, असे नाव दिले. पुढे २००१ साली युरोपात भाषाकौशल्याची ए-१ ते सी-२ अशी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध झाली आणि कोणती रचना कोणत्या टप्प्यावर साधते, याची चर्चा या पायऱ्यांच्या आधाराने होऊ लागली. आपली रचना यातल्या अगदी खालच्या पायरीवर शिकवायला घेतात. मात्र तिथून पुढचा रस्ता सरळ चढाचा नाही.

सुरुवातीला ती रचना म्हणून शिकली जातच नाही. नागपुरातल्या झिरो माइल या स्तंभाचे चित्र दाखवून काय दिसते असे विचारले, तर मूल बिनचूक सांगते, ‘देअर इज अ पिलर.’ मग खांबाशेजारच्या घोड्यांकडे बोट दाखवले की तेच मूल म्हणते, ‘देअर इज फोर हॉर्सेस.’ ही चूक मराठीतून आली असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ते पटत नाही, कारण मराठीत आपण ‘चार घोडे आहे’ कधीच म्हणत नाही. क्रियापद नामाच्या वचनाप्रमाणे बदलतेच. खरे कारण असे, की ‘देअरीज’ हा त्या मुलासाठी एकच अखंड शब्द आहे, त्यात सुटे करण्यासारखे काही आहे हे अजून त्याच्या लक्षात आलेले नाही. पुढे तो शब्द फुटतो आणि त्यातला ‘इज’ मोकळा होतो, तेव्हा काही काळ आधी बरोबर येणारी वाक्येही बिघडतात. पालकांना ही पीछेहाट वाटते, प्रत्यक्षात त्या वेळी मूल व्याकरण करू लागलेले असते.

मराठी वचन आडवे येते ते वेगळ्याच ठिकाणी. सकाळी तर्री पोह्यांच्या गाडीवर ‘पोहे आहेत का?’ असे विचारणाऱ्या शहरात ‘पोहे’ अनेकवचनी आहेत आणि ‘पैसे’ही. त्यामुळे ‘देअर आर पोहा’ किंवा ‘देअर आर नो मनी’ अशी वाक्ये तयार होतात. इथे विद्यार्थ्याला मेळाचा, म्हणजे नामाच्या वचनाप्रमाणे क्रियापद बदलण्याचा, नियम ठाऊक असतो. फक्त ती वस्तू इंग्रजीत मोजण्याजोगी मानत नाहीत, हे ठाऊक नसते.

नकार हा याहून गुंतागुंतीचा भाग आहे. ‘घरात कोणी नाही’ या वाक्यात ‘कोणी’ आधी येते आणि ‘नाही’ अगदी शेवटी. याच क्रमाने इंग्रजी केले की ‘एनिबडी इज नॉट देअर’ हे वाक्य होते, जे आपल्या फोनवर रोज ऐकू येते. इंग्रजीत ‘एनिबडी’, ‘एनिथिंग’ या शब्दांना आपल्या आधी नकार आलेला लागतो, तो मागून आलेला चालत नाही. आता ‘देअर इझन्ट एनिबडी इन द हाऊस’ हे वाक्य पाहिले, तर ज्या ‘देअर’ला आपण निरर्थक म्हटले त्याची उपयुक्तता दिसते. त्याने पुढची जागा अडवून धरली, म्हणून नकार क्रियापदाबरोबर पुढे सरकला आणि ‘एनिबडी’ त्याच्या सावलीत आला. वर्गात हे असे उलगडून सांगितलेले मी फारसे ऐकलेले नाही. नियम पाठ करून घेतला जातो, त्यामागचे कारण मात्र फळ्यावर येत नाही.

एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. ‘हिवाळ्यात बाजारात संत्री असतात’ आणि ‘घरात संत्री आहेत’ या दोहोंत आपण नेहमीचे व आत्ताचे अस्तित्व वेगवेगळ्या रूपांनी दाखवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘देअर आर’ एवढेच पुरते आणि भेद दाखवायचाच असेल तर ‘ऑलवेज’, ‘यूज्वली’ अशा शब्दांची मदत घ्यावी लागते. इथे शिकणाऱ्याला नवीन काही घ्यायचे नसून हातातले काही खाली ठेवायचे असते, आणि ते तुलनेने सहज जमते.

मधल्या पायऱ्यांवरचा खरा कस उपपदांचा, म्हणजे नामाआधीच्या ‘अ’, ‘द’ या शब्दांचा आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ गॅरी मिल्सार्क यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रबंधात दाखवले, की ‘अ’, ‘सम’, ‘मेनी’, ‘थ्री’ असे शब्द असलेली नामे ‘देअर’च्या वाक्यात सहज बसतात, तर ‘द’, ‘एव्हरी’, ‘मोस्ट’ असलेली बसत नाहीत. मराठीत उपपदेच नसल्यामुळे हा नियम आपल्याला परका वाटावा. पण ‘टेबलावर प्रत्येक पुस्तक आहे’ असे उच्चारून पाहावे. ते कानाला खटकते आणि ‘प्रत्येक पुस्तक टेबलावर आहे’ खटकत नाही. म्हणजे नियमाचा एक अंश आपल्या कानात आधीपासूनच आहे. अंशच म्हणायला हवे, कारण ‘टेबलावर तुझे पुस्तक आहे, ते आण’ हे आपल्याला चालते, तर इंग्रजीत ‘देअर इज युवर बुक’ हे बोट दाखवताना किंवा यादी सांगतानाच शोभते.

याही पुढे गेल्यावर विद्यार्थी ‘देअर’च्या प्रेमात पडतो आणि निबंधातला प्रत्येक परिच्छेद ‘देअर आर मेनी पीपल’ने सुरू करतो. यातच ‘देअर आर मेनी पीपल सेल ऑरेंजेस इन नागपूर’ असे दोन क्रियापदांचे वाक्य जन्मते. भाषा-अभ्यासक जॅकलिन शॅक्टर आणि विल्यम रदरफोर्ड यांनी १९७९ साली चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत ‘देअर’चा असाच अतिवापर दाखवला होता. त्यांच्या मते त्या मुलांनी या रचनेला आपल्या भाषेतले काम नेमून दिले होते, ते म्हणजे आधी विषय मांडायचा आणि मग त्याविषयी बोलायचे. मराठी विद्यार्थ्यालाही ‘खूप लोक आहेत, जे संत्री विकतात’ ही वळणे परकी नाहीत. त्याच्याकडून फक्त ‘जे’ गळते. ‘हू सेल’ किंवा ‘सेलिंग’ म्हटले की वाक्य सावरते. सर्वांत वरच्या पायरीवर ‘देअर सीम्स टू बी’, ‘देअर रिमेन्स’, ‘देअर बीइंग नो ऑब्जेक्शन’ असे दरबारी प्रकार येतात, पण तिथले खरे कौशल्य म्हणजे अर्ध्या ठिकाणी ‘देअर’ गाळून सरळ ‘मेनी पीपल सेल ऑरेंजेस’ लिहिणे. गंमत अशी, की बोलताना जन्मजात इंग्रजीभाषकही ‘देअर्ज टू रीझन्स’ असे बेलाशक म्हणतात; पहिलीतल्या मुलाची चूक आणि त्यांची सवय इथे एकाच दाराशी येऊन भेटतात, कारण त्यांच्याही तोंडी ‘देअर्ज’ हा एकच शब्द झालेला आहे.

उरतो तो आपला लाडका ‘इज देअर’. ‘वॉटर इज देअर?’, ‘डाउट इज देअर’, ‘नेटवर्क इज नॉट देअर’ या वाक्यांना चूक म्हणून सोडून देण्याआधी हे पाहायला हवे, की ती विशिष्ट पायरीवरच्या विद्यार्थ्यांपुरती नाहीत; उत्तम इंग्रजी जाणणारे प्राध्यापकही ती बोलतात. भारतीय इंग्रजीच्या अभ्यासाला याच राज्यात मोठी सामग्री मिळाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या लेखनातून सुमारे दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह उभा केला, आणि पुढे एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी लिखाणाबरोबर बोललेल्या भारतीय इंग्रजीचाही संग्रह झाला. त्या दुसऱ्या संग्रहाच्या आधारे जर्मन अभ्यासक क्लाउडिया लांगे यांनी २०१२ सालच्या आपल्या पुस्तकात वाक्याच्या शेवटी येणाऱ्या या ‘देअर’चा स्वतंत्र विचार केला. नागपूरचा माणूस घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी आणि कार्यालयात प्रमाण मराठी बोलतो. तिन्हींत वस्तू आधी आणि ‘असणे’ शेवटी येते. तो साचा त्याने इंग्रजीत उचलून ठेवला आहे, एवढेच.

मध्यंतरी धंतोलीतल्या एका दवाखान्यात स्वागतकक्षापाशी उभे असताना ‘डॉक्टर इज देअर?’ या प्रश्नाला ‘डॉक्टर इज देअर, बट टोकन इज नॉट देअर’ असे उत्तर मिळालेले ऐकले. परीक्षकाने इथे लाल शाईने ‘देअर आर नो टोकन्स लेफ्ट’ असे लिहिले असते. पण त्या उत्तरात डॉक्टर आणि टोकन ही दोन्ही नामे वाक्याच्या आरंभी समोरासमोर उभी होती, एकाचे असणे आणि दुसऱ्याचे नसणे ‘बट’च्या दोन बाजूंना नेमके तोलले गेले होते, आणि विचारणाऱ्या बाईंना सगळे इतके लख्ख समजले, की त्या दुसऱ्या दिवशीचे टोकन कधी मिळेल हे मराठीत विचारू लागल्या.