आयआरक्यू ११ आणि हरिपूरच्या पेवांचा हिशोब

मार्केट यार्डातले एक अडते मे महिन्यात दुकानात आले, हातात टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क आणि सोबत एक लांबुळकं कार्ड. म्हणाले, "बघा की जरा, ह्यात आमच्या वडलांची सगळी पेवं हायत."

सांगलीबाहेरच्यांसाठी आधी पेवाचं सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी हरिपूर आहे, तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळदीची साठवण व्हायची, माल वर्षानुवर्षं कोरडा राहायचा, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. कुणाची किती पोती कुठल्या पेवात आहेत याची नोंद ह्यांच्या वडलांनी ९० च्या दशकापासून कॉम्प्युटरवर ठेवलेली, मशीन माळ्यावर होतं म्हणून पुरातून वाचलं, पण मदरबोर्ड मेलेला. वडील आता नाहीत.

डिस्कच्या मागच्या पिना मोजल्या, ५० भरल्या. साधी आयडीई, म्हणजे तेव्हा घरगुती पीसीत असायची तसली डिस्क, असती तर ४० भरल्या असत्या. म्हणजे ही स्कझी डिस्क, एकाच केबलवर बरीच यंत्रं जोडायच्या जुन्या पद्धतीची, आणि हातातलं कार्ड तिचा कंट्रोलर, अडॅप्टेकचं एएचए-१५२२. त्यांनी डिस्कबरोबर कार्डपण जपून ठेवलं होतं हे फार बरं झालं, कारण कार्डाशिवाय ह्या डिस्कला साधं विचारायचीही सोय नव्हती.

माझ्याकडे आयएसए, म्हणजे जुन्या पद्धतीची कार्डं खोचायचा स्लॉट असलेला एक जुना पेन्टियम बोर्ड अजून चालू आहे, मुद्दाम ठेवलाय. कार्ड त्यात बसवलं, जुन्या कर्नलचं लिनक्स चालू केलं, आणि डिस्क दिसेना. डिस्कच काय, कार्डसुद्धा दिसेना.

का दिसेना हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आज आपण कुठलंही कार्ड खोचतो आणि ते आपोआप चालतं, मागं काय होतं ते कुणाला बघावंच लागत नाही. ड्रायव्हर म्हणजे काय तर त्या एका जातीच्या कार्डाशी बोलायला शिकलेला प्रोग्रॅम. कार्डावर छोटे छोटे रजिस्टर असतात, ह्यात अमुक बाइट लिहिला की डिस्कला आज्ञा जाते, त्यातून वाचला की उत्तर मिळतं, हे सगळं ड्रायव्हरला पाठ असतं. पण ते कार्ड ह्या मशीनमध्ये नेमकं कुठं बसलंय ते त्याला पाठ असू शकत नाही. पीसीआय, म्हणजे नंतरच्या पद्धतीच्या कार्डाला ते विचारता येतं, १९९२ साली इंटेलनं पीसीआय आणलं तेव्हा प्रत्येक कार्डात ओळखीचे आकडे ठेवायची सोय केली, कंपनीचा एक नंबर आणि कार्डाचा एक नंबर, इंटेलचा स्वतःचा तर ८०८६ आहे. आयएसए त्याच्या आधीचं, आयबीएमच्या १९८१ च्या पीसीतून आलेलं आणि १९८४ च्या एटीमध्ये १६ बिटांचं झालेलं, आणि त्यात विचारपूस हा प्रकारच नाही. प्रोसेसर एक पत्ता वायरींवर टाकतो, ज्या कार्डाचा तो पत्ता आहे त्यानं उत्तर द्यायचं. त्या पत्त्यावर कुणीच नसेल तर बहुतेक वेळा सगळे बिट १ वाचायला मिळतात, म्हणजे २५५.

यार्डात पाटी नसलेल्या गाळ्यांची रांग लावा, अगदी तसं. कुठल्या गाळ्यात कोण बसतंय हे आधी ठाऊक पाहिजे. प्रत्येक गाळ्याचं दार वाजवून बघा की, असं कुणी म्हणेल, आणि काही ड्रायव्हर तसं करायचेही, पण त्यात धोका असतो, कारण अनोळखी कार्डाच्या रजिस्टरात चुकीचा बाइट गेला की ते कार्ड तिथंच लटकतं आणि अख्खं मशीन घेऊन बसतं. म्हणून ह्या कार्डाचा ड्रायव्हर आधी कार्डावरच्या बायॉस चिपची (मशीन चालू होताना चालणारा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) खूण मेमरीत शोधतो आणि ती सापडली तरच पुढं जातो. आमच्या कार्डावर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी इवलीशी टोपी, लावून बायॉस बंद केलेला होता, म्हणून ड्रायव्हरला कार्ड सापडतच नव्हतं.

मग भिंग घेऊन जंपर वाचले. ह्या कार्डाला पत्ते दोनच, हेक्समधला (१६ च्या पायावरच्या मोजणीतला) १४० किंवा ३४०. आमचं ३४० वर होतं, दशमानात ८३२. आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या वायरीचा नंबर, ९ ते १२ पैकी एक, आमचा ११. कार्डाचा स्कझी आयडी, म्हणजे केबलवरचा नंबर, ७. शिवाय ह्या १५२२ वर फ्लॉपीचा कंट्रोलरपण असतो, मदरबोर्डवर स्वतःचा असल्यामुळं दोघांची भांडणं नकोत म्हणून कार्डावरचा बंद केला. आता ड्रायव्हर लोड करताना त्याला स्वच्छ सांगितलं, आयओ म्हणजे पत्ता ३४०, आयआरक्यू ११, आयडी ७. कॉन्फिगर करणं म्हणतात ते इतकंच, कार्डावरच्या जंपरनी जे ठरवलंय तेच ड्रायव्हरच्या कानात सांगायचं, दोन्हीकडं एकच आकडे पाहिजेत.

ह्यावेळी कार्ड सापडलं. आणि पुढच्या ओळीत अडकलं.

ती ओळ मला फार आवडते. हा ड्रायव्हर कामाला लागायच्या आधी एक चाचणी करतो, कार्डाला सांगतो की तुझी घंटा एकदा वाजवून दाखव, आणि सेकंदभर थांबून बघतो. स्क्रीनवर येतं 'ट्रायिंग सॉफ्टवेअर इंटरप्ट', आणि पुढं 'ओके' यायला पाहिजे. आमच्याकडं आलं 'लॉस्ट'. आणि खाली, आयआरक्यू ११ बहुधा चुकीचा आहे, तपासून बघा.

'लॉस्ट' आणि 'फेल्ड' ह्यात फरक आहे आणि तो ज्यानं लिहिला त्याचं कौतुक वाटतं. 'फेल्ड' म्हणजे घंटा वाजलीच नाही. 'लॉस्ट' म्हणजे कार्डाचं स्टेटस रजिस्टर सांगतंय की मी वाजवली, पण प्रोसेसरपर्यंत आवाज पोचला नाही. एका शब्दात कळलं की कार्ड धडधाकट आहे, गडबड वाटेत आहे.

वाट कशी असते बघा. डिस्क प्रोसेसरच्या मानानं खूप सावकाश, आज्ञा देऊन प्रोसेसर तिथं ताटकळत बसला तर बाकी सगळं ठप्प, म्हणून तो दुसऱ्या कामाला जातो आणि डिस्कची तयारी झाली की कार्ड इंटरप्टची एक वायर हलवून त्याला बोलावतं. ह्या वायरींचे नंबर म्हणजे आयआरक्यू. एटीमध्ये आठ-आठ वायरींच्या दोन चिपा आहेत आणि दुसरी चिप पहिलीच्या २ नंबरवर लटकवलेली, म्हणून १६ असल्या तरी वापरायला १५ उरतात. त्यात ० टायमरचा, १ कीबोर्डचा, ६ फ्लॉपीचा, ८ घड्याळाचा, १४ आणि १५ आयडीईचे, उरतात ते मोजकेच आणि सगळे त्यासाठी भांडतात. पीसीआय कार्डं एक वायर वाटून घेऊ शकतात, कारण तिथं काम होईपर्यंत वायर दाबून धरलेली असते आणि प्रत्येकाला विचारता येतं, तू बोलावलंस का. आयएसएमध्ये वायर फक्त एकदा वर जाते, तो क्षण हुकला की हुकला, म्हणून तिथं वाटणी चालत नाही.

माझ्या बोर्डवर नेटवर्कचं एक पीसीआय कार्ड होतं आणि बोर्डाच्या बायॉसनं चालू होतानाच त्याला ११ देऊन टाकला होता. बायॉसला काय माहीत की शेजारी एक गप्प बसलेलं आयएसए कार्ड आहे, ते कुणाला काही सांगतच नाही. सेटअपमध्ये जाऊन ११ नंबरपुढं 'लेगसी आयएसए' निवडलं, म्हणजे हा नंबर राखीव, कुणाला द्यायचा नाही. परत चालू केलं. ओके.

(डीएमएबद्दल, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता माल मेमरीत नेण्याबद्दल, लोक विचारतात म्हणून इथंच सांगतो. काही कार्डं, उदाहरणार्थ १५४२, स्वतःचे हमाल घेऊन येतात, पोती थेट गोदामात म्हणजे मेमरीत नेऊन टाकतात आणि शेवटी फक्त हाक मारतात. पण आयएसएच्या पत्त्याच्या वायरी २४, म्हणजे ह्या हमालांना पहिल्या १६ एमबीच्या पुढं जाताच येत नाही, माल त्याच्या वर हवा असेल तर खाली उतरवून प्रोसेसरनं परत उचलायचा. आमच्या १५२२ ला हमालच नाहीत, कार्डावर १२८ बाइटची एक पाटी आहे, ती भरली की प्रोसेसर स्वतः येऊन रिकामी करतो. सावकाश, पण जुळवायचा एक नंबर कमी.)

डिस्क दिसली, ५४० एमबीची. वाचायला लागली की मधेच पॅरिटी एरर, म्हणजे वाटेत बाइट बिघडल्याची तक्रार, मग बस रिसेट, परत सुरू, परत एरर. डिस्कच गेली असं वाटून त्या अडत्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "काका, थांबा, अजून केबल बघितली नाही."

स्कझीमध्ये एकाच पट्टी केबलवर आठ जण बसतात, कार्ड धरून, आयडी ० ते ७. दोघांना एकदम बोलायचं झालं तर मोठ्या आकड्याचा जिंकतो, म्हणून कार्डाला ७ देतात. आणि ह्या केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. का लागतो ते मिरजेत सतारमेकरच्या गल्लीत जाऊन बघा. तार छेडली की लहर घोडीपर्यंत जाते आणि परत फिरते, त्या परतण्यातूनच सूर उभा राहतो. सतारीला ते पाहिजेच असतं. केबलला नको असतं. केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटीमीटर पळतो, टोक मोकळं असेल तर तिथून आपटून मागं येतो आणि नव्या सिग्नलवर चढतो, मग ० चा १ वाचला जातो. टोकाला योग्य रेझिस्टर असेल तर लहर तिथंच जिरते. जुन्या पद्धतीत प्रत्येक वायरीला ५ व्होल्टकडं २२० ओहम आणि जमिनीकडं ३३० ओहम लावतात, लहरीला दोन्ही मिळून १३२ ओहम दिसतात, केबलच्या स्वतःच्या अडथळ्याच्या बऱ्यापैकी जवळ.

डिस्क उलटी करून बघितली तर रेझिस्टरच्या पट्ट्यांचे तिन्ही सॉकेट रिकामे. काकांना विचारलं, वडलांच्या मशीनमध्ये ह्याच केबलवर अजून काही होतं का? ते म्हणाले, "टेप होती की. दर शनिवारी बॅकअप घ्यायचे." झालं, उलगडलं. टेप टोकाला होती, टर्मिनेटर तिच्यात होता, डिस्क मधे होती म्हणून तिचे रेझिस्टर काढलेले. ज्यानं ते मशीन जुळवलं त्यानं अगदी बरोबर केलं होतं. आता टेप नाही, तर केबलच्या शेवटच्या कनेक्टरला वेगळा टर्मिनेटर खोचला, डिस्क त्याच्या अलीकडच्या कनेक्टरवर. एरर बंद.

इथं एक कळकळीनं सांगतो, अशी डिस्क चालू झाली की फाइली उघडत बसू नका, आधी पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी इमेज काढा आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा, तीही फक्त वाचण्यापुरती. जुनी डिस्क परत फिरेल ह्याचा काही भरवसा नसतो. पाऊण तास लागला, चार सेक्टर सोडून सगळं आलं.

आत डीबीएफ, म्हणजे जुन्या डेटाबेसच्या, फाइली निघाल्या. आकडे दिसत होते, नावं म्हणजे नुसता कचरा. पण तो कचरा नव्हता, सगळे बाइट १६० च्या वरचे होते, म्हणजे इस्की, युनिकोड घरोघरी यायच्या आधी मराठी ज्यात साठवली जायची ते १९९१ चं भारतीय मानक. एका कॉलममध्ये तेच तीन आकडे ओळीनं खाली येत होते, २१६, २१०, १९६. तक्त्यात बघितलं. २१६ म्हणजे ह. २१० म्हणजे ळ. १९६ म्हणजे द.

छोटासा प्रोग्रॅम लिहून सगळं युनिकोडमध्ये आणलं. काका खुर्ची ओढून स्क्रीनच्या जवळ बसले, बोट लावून एक एक ओळ वाचायला लागले, शेतकऱ्याचं नाव, गाव, पेव नंबर, पोती. एका ओळीवर बोट थांबलं. "हे आमच्या घरामागचं पेव," म्हणाले, "मी लहान असताना ह्याच्या तोंडाशी बसून पोती मोजायचो."

सगळं प्रिंट काढून दिलं, इमेज दोन पेन ड्राइव्हवर दिली. कार्ड आणि डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली: आयओ ३४०, आयआरक्यू ११, आयडी ७, बायॉस बंद, टर्मिनेटर शेवटच्या कनेक्टरला.